पाठीवरचा शब्द

दादाने रविवारची दुपार निवडली यातच सगळं आलं. सोमवारी सकाळी दहाला डबिंगवाल्यांच्या संघटनेची बैठक होती, तिचा अध्यक्ष तो स्वतः होता, आणि बहिणीची सही त्याला त्याआधी हवी होती. पण तसं सरळ म्हणेल तर तो दादा कसला. निरोप आला तो असा : वडिलांच्या, अण्णांच्या, सिनेमाची नवी प्रिंट साफ होऊन आली आहे, घरच्या घरी सगळे मिळून बघू. या घरात कुणाचा गळा धरायचा असला की आधी त्याला सिनेमा दाखवतात, हे तिला एकोणसाठाव्या वर्षी कुणी सांगायची गरज नव्हती.

वरच्या मजल्यावरच्या आपल्या दोन खोल्यांना कडी लावून ती खाली स्टुडिओत उतरली. घरात तिला कारभारीण म्हणत. घर सांभाळायची म्हणून नव्हे. घर वहिनीच्या ताब्यात होतं आणि तिथला चमचाही तिला विचारल्याशिवाय हलत नसे. कारभारीण हे नाव त्या सिनेमावरून पडलं होतं. ते पडलं त्या संध्याकाळी घरच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या टाळ्या आठवल्या की तिला आता स्वतःची किळस यायची.

सिनेमा बघायची खोली स्टुडिओच्या मागे होती. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, बारा खुर्च्या, आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी आत तोच कोंदट गारवा. दादा पहिल्या रांगेत मधोमध बसला होता. त्याच्यामागे वहिनी, चहाचा थर्मास पायाशी घेऊन. धाकटा भाऊ कोपऱ्यात, मांडीवर वही. तो कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा, म्हणून त्याला घरात प्राध्यापक म्हणत आणि त्याला तो मान वाटे. दुसऱ्या माणसाला जिथे भूक लागते तिथे याला प्रश्न पडायचे. सगळ्यांत मागे मशीनपाशी दादाची मुलगी. ती एडिटर होती. नऊ महिने बसून एकेक ओरखडा पुसत प्रिंट तिनेच साफ केली होती. आज ती बापाशी धड बोलत नव्हती, पण दादाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. दुसऱ्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तो नेहमी संमती असाच लावायचा.

"आधी हे वाचून घे," त्याने कागद पुढे केला. "पुन्हा मध्ये दिवे लावायला नकोत."

वर संघटनेच्या सचिवाचा छापील फॉर्म होता. खाली तिच्या नावाने उत्तर टाइप करून तयार होतं.

"कानसेननं परत अर्ज केलाय," दादा म्हणाला. "संघटनेचं कार्ड परत पाहिजे म्हणे. म्हातारपणी माणसाच्या डोक्यात काय शिरेल सांगता येत नाही. आता नियमाप्रमाणे त्या दिवशी हजर असलेल्या प्रत्येकाला सचिव विचारतो. हजर आपण चौघं. अण्णा गेले, तो अर्जदार, मी अध्यक्ष. उरलीस तू."

"आणि तुला कोण विचारणार?"

"मी त्या विषयापुरता खुर्ची सोडून बाहेर बसणार. नियम म्हणजे नियम."

तिने उत्तर वाचलं. त्या दिवशी मी आवाजाच्या खोलीत होते. चौथ्या रिळाची टेप कशी पुसली गेली ते मी पाहिलं नाही. खाली टिंबांची रेघ, आणि रेघेच्या टोकाला पेन्सिलीची फुली. बावीस वर्षांनी पुन्हा तेच खोटं बोलायचं होतं, आणि ते कुठे बोलायचं तेही भावाने आखून ठेवलं होतं.

कानसेन हा त्यांचा रेकॉर्डिस्ट. नाव सगळ्यांनी मिळून ठेवलेलं, कारण त्याच्या कानातून काही सुटत नसे. नट जेवून आला की उपाशी, हे तो आवाजावरून सांगायचा. ती सतरा वर्षांची असताना पहिल्यांदा माइकसमोर उभी राहिली तेव्हा त्यानेच तिला सांगितलं होतं, की माइकला घाबरू नकोस आणि त्याच्या गळ्यातही पडू नकोस, एक वीत अंतर ठेव. लोक दोघांबद्दल बोलायचे. लोकांना दुसरं काम नव्हतं. तो तिला माइकपासून किती लांब उभं राहायचं एवढंच शिकवत होता, आणि तेवढंही तिला आयुष्यात दुसऱ्या कुणी धड शिकवलं नाही.

मग तो दिवस आला. एका ज्येष्ठ नटाने दुसऱ्या एका सिनेमाच्या चौथ्या रिळाचे संवाद दिले, तिथूनच इस्पितळात गेला, आणि परत आला नाही. त्याचा शेवटचा आवाज त्या एका टेपवर होता. कानसेन पान खायला, की चहाला, कशाला तरी पाच मिनिटांसाठी बाहेर पडला होता. दादाला घाई होती. दादाला नेहमीच घाई असायची. त्याने तीच टेप कोरी समजून लाल बटण दाबलं. काचेपलीकडे ती उभी होती. तिने त्याचं बोट पाहिलं आणि आपण काय केलं ते कळल्यावरचा त्याचा चेहराही पाहिला. संध्याकाळपर्यंत ठरलं की मशीन ज्याचं, चूक त्याची. संघटनेच्या समितीने तिला बोलावून विचारलं. शंभर नायिकांचा आवाज झालेल्या त्या सदतीस वर्षांच्या बाईकडे स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. तिने सिनेमातल्या कारभाऱ्याचं वाक्य त्याच्याच चालीत म्हटलं : मी पाहिलं... नाही. कानसेनचं कार्ड काढून घेतलं आणि त्यावरच्या फोटोचा कोपरा कात्रीने कापला. त्यानंतर कुठल्याही स्टुडिओचं दार त्याला उघडलं नाही.

"लाव ग," दादाने मागे न बघता हात वर केला.

सिनेमा घरातल्या सगळ्यांना तोंडपाठ होता. परक्या भाषेतला, अण्णांनी चाळीस वर्षांपूर्वी आपल्या भाषेत आणलेला, आणि घराचं नाव त्याच्यामुळेच झालेलं. एक बडा मालक रागाच्या भरात आपल्या गाडीवानाला मारतो, गाडीवान मरतो. वरच्या खिडकीतून म्हातारा कारभारी बघत असतो. शेवटी न्यायाधीश त्याला विचारतो, तू खिडकीत होतास, काय पाहिलंस? कारभाऱ्याचा चेहरा पडदाभर. ओठ मिटतात, उघडतात. "मी पाहिलं..." तो वळतो, दाराकडे चालू लागतो, आणि त्या पाठमोऱ्या माणसातून अण्णांचा जड, दमलेला आवाज येतो : "...नाही." संगीत. समाप्त.

दिवे लागले. दादाने डोळे पुसले. खरंच पुसले, हे तिला कबूल करावं लागलं. स्वतःच्या उपयोगी पडणाऱ्या गोष्टींनी तो नेहमीच हेलावून जायचा.

"चाळीस वर्षं झाली, तरी काटा येतो," तो म्हणाला. "काय माणूस होता. ज्या घरात राहिला त्या घराशी शेवटपर्यंत इमान."

प्राध्यापक याचीच वाट बघत होता. "इमान हा ढोबळ शब्द झाला दादा. पाहिलं आणि नाही यांच्या मधे जी पोकळी आहे ना, ती महत्त्वाची. त्या दोन पावलांत तो सत्याशी असलेलं नातं तोडतो आणि माणसांशी असलेलं जोडतो. सत्य हे कुणाचंच नसतं. निष्ठा ही नेहमी कुणाची तरी असते."

"हे तुझ्या त्या लेखातलं ना?" वहिनीने विचारलं.

"त्या लेखाचा गाभाच तो आहे, वहिनी. 'विरामातली निष्ठा'. तीस वर्षं शिकवतोय मी तो."

"मुलं झोपत नाहीत?"

"वहिनी, मुद्दा असा, की ताईनं जे केलं ते आपण घरात कधी नीट समजून घेतलं नाही. तिनं खोटं सांगितलं असं नव्हे. तिनं एक मूल्य निवडलं."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. हा तान्हा असताना आई आजारी होती म्हणून वाटी-चमच्याने दूध पाजून तिनेच याला वाढवलं होतं, आणि तो मोठा होऊन तिच्या भ्याडपणाला मूल्य म्हणत होता. "आणि कानसेनचं कार्ड गेलं, ते कुठलं मूल्य?" तिने विचारलं.

"ती किंमत," प्राध्यापक म्हणाला.

"कुणी मोजलेली?"

त्याने वहीत काहीतरी लिहिलं. अडचणीत आला की तो लिहायचा.

"हे बघ," दादाने पेन काढलं, "तात्त्विक चर्चा ठीक आहे, पण उद्या दहाला..."

"थांबा बाबा," मागून एडिटर म्हणाली. "आणखी एक मिनिट आहे. तोच सीन मूळ आवाजात दाखवते. परदेशातून आलेल्या डब्यात मूळ ट्रॅक होता."

"कशाला? आपल्यात कुणाला कळते ती भाषा?"

"काकांना कळते. दोन वर्षं शिकलेत ते."

प्राध्यापकाने खुर्चीत अंग चोरलं.

पुन्हा न्यायाधीश, पुन्हा तो चेहरा. परका आवाज अण्णांच्या आवाजापेक्षा बारीक निघाला, जरा किनराच. ओठ मिटले, उघडले, दोन शब्द आले. मग म्हातारा वळला, दाराकडे चालू लागला, आणि त्याच्या बुटांचा आवाज ऐकू आला. फक्त बुटांचा. दार उघडलं, मिटलं.

हा सीन तिने शंभरदा पाहिला असेल. पण त्या पाठीकडे ती पहिल्यांदाच बघत होती. आजवर तिथे शब्द होता, आणि कानात शब्द पडला की डोळ्यांना सुट्टी मिळते. बोलणाऱ्या माणसाची पाठही बोलते. श्वास घेताना खांदे उचलतात, मानेची शीर ताठते. दुसऱ्यांच्या तोंडात चाळीस वर्षं बोलत आलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं. म्हाताऱ्याचे खांदे हलले नव्हते.

"काय म्हणतो तो, काका?" एडिटरने विचारलं.

"अं... मी पाहिलं."

"आणि पुढे?"

"पुढे नाही."

"म्हणजे 'नाही' म्हणतो?"

"नाही. म्हणजे... पुढे काही नाही. तेवढंच. मी पाहिलं." त्याने चष्मा काढला. "अर्थात त्या भाषेत क्रियापदाचं हे रूप जरा गुंतागुंतीचं आहे. संदर्भानुसार त्याचा अर्थ, मी पाहत असे, किंवा माझ्याकडून पाहिलं गेलं..."

"न्यायाधीशानं विचारलं, काय पाहिलंस. त्यानं सांगितलं, पाहिलं. यात गुंता कुठे आहे?"

डबिंगच्या धंद्यात जन्मलेल्या त्या चौघांना फोड करून सांगायची गरज नव्हती. ओठ दिसत असतील तिथे लिहिणारा बांधलेला असतो; ओठ मिटले की म, प, ब यांतलं काहीतरी द्यावंच लागतं. पण नटाने पाठ फिरवली की लिहिणाऱ्याला रान मोकळं. वाक्यात न मावलेले शब्द तिथे सारायचे. पाठीवर टाक, म्हणायचे अण्णा. आणि परक्या भाषेत नकार आधी येत असेल कुठे, मधे येत असेल. आपल्या भाषेत तो सगळ्यात शेवटी येतो. संपूर्ण वाक्य होऊन जातं, माणूस उठून निघतो, आणि मागाहून एक शब्द लावून त्याचं पार उलटं करता येतं. अण्णांनी तेच केलं होतं. म्हाताऱ्याने सगळ्या जगासमोर खरी साक्ष दिली होती, आणि त्याची पाठ वळलेली बघून यांच्या बापाने ती खोटी करून टाकली होती.

तिला हसू आलं. मोठ्याने आलं. वहिनीने तिच्याकडे पाहिलं.

"अण्णांचा काही हेतू असणार," दादा म्हणाला. "ते उगीच काही करायचे नाहीत."

"हेतू होता की," वहिनीने थर्मासचं झाकण फिरवलं. "मी होते ना तिथे. लग्न होऊन महिना झाला होता माझं. तो वितरक आला होता, जाडा, बोटात अंगठ्या. म्हणाला, शेवटचं रीळ लांबतं, दिवसाला चार खेळ बसत नाहीत, कापा. अण्णा म्हणाले, पण साक्ष दिल्यावर पुढे काय झालं ते त्या रिळात आहे. तो म्हणाला, मग नको देऊ म्हणावं साक्ष. अण्णांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, पाठ आहे तिथे, टाकतो. मग मला म्हणाले, सूनबाई, चहात साखर कमी आहे."

"आणि हे तुम्ही इतकी वर्षं सांगितलं नाहीत?" प्राध्यापकाचा आवाज चिरकला.

"मला कुणी विचारलं? तुम्ही सगळे निष्ठेवर बोलत होतात. मी कपबशा उचलत होते."

"माझा लेख..." प्राध्यापक म्हणाला आणि थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "पण अनुवाद ही स्वतंत्र कृती असते. मूळ सिनेमात नाही म्हणून काय झालं? उलट असं म्हणता येईल, की आपल्या संस्कृतीनं त्या पोकळीत स्वतःचं..."

"चार खेळ बसवले," ताई म्हणाली.

त्या एका वाक्यावर वहिनी फिसकन हसली, आणि दादाने मागे वळून बायकोकडे असं पाहिलं की ती पुन्हा थर्मासकडे वळली.

"ते शेवटचं रीळही आलंय," एडिटर म्हणाली आणि कुणाला न विचारता तिने ते लावलं.

त्यात फार काही नव्हतं. कारभारी कोर्टातून मालकाच्या घरी परत येतो. त्याची पेटी दाराबाहेर ठेवलेली. वरच्या खिडकीत मालकीण. ती पडदा ओढून घेते. म्हातारा पेटीवर बसतो, थोड्या वेळाने उठतो, पेटी उचलतो आणि चालू लागतो. पेटी जड आहे, त्याला दोनदा हात बदलावा लागतो. रस्ता लांब आहे. एवढंच.

"बघितलंस?" दिवे लागताच दादा म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजात सिनेमा नव्हता. "खरं बोलला. काय मिळालं? पेटी बाहेर."

"म्हणजे मला बाहेर काढशील?"

"मी असं म्हटलं का? मी कधी तसं म्हणेन का?"

"तू नाही म्हणत. सिनेमाकडून म्हणवतोस."

"वरच्या खोल्या तुझ्याच आहेत. आजवर त्यांचं कधी काही काढलं का मी? काम दिलं, छप्पर दिलं. आता आवाज थकला तरी पडद्यामागच्या म्हाताऱ्या, चेटकिणी, जे असेल ते तुलाच देतो."

"बाबा," एडिटरने विचारलं, "ती टेप कुणी पुसली?"

दादाने पेनचं टोपण लावलं, काढलं. "बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा तू शाळेत होतीस."

"म्हणूनच विचारतेय."

"तुझ्या बाबांनी," ताई म्हणाली. "मी काचेतून पाहिलं."

इतकी वर्षं घशात अडकलेलं वाक्य इतकं सहज बाहेर पडेल असं तिला वाटलं नव्हतं. पोरीने मान हलवली. तिने ते ओळखलं असावं. नऊ महिने एका सिनेमाच्या मागे बसून जी मुलगी मूळ आवाज शोधते, तिला घरातला आवाजही कळत असणार.

प्राध्यापकाने आता बाजू बदलली. त्याला ते जमायचं; वाऱ्याची दिशा बघून तो आधी वळायचा आणि मग त्याला तत्त्व म्हणायचा. "दादा, खरं सांगायचं तर मला नेहमी वाटायचं, की निष्ठा जेव्हा सत्याच्या आड येते, तेव्हा नैतिक दायित्व दोन पातळ्यांवर..."

"तू गप्प बस रे," दादा आणि ताई एकदम म्हणाले. त्या दुपारी बहीणभावाचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

"वन्सं, माझं ऐका," वहिनी पुढे वाकली. "सही करू नका. बोलूही नका. उद्या तुम्हाला ताप येऊ दे. मी सचिवाला फोन करते. विषय पुढच्या बैठकीवर गेला की वर्ष निघतं. तोवर तो म्हातारा आहे की नाही कुणास ठाऊक."

वहिनीने हे इतक्या मायेने सांगितलं की क्षणभर ते चांगुलपण वाटावं. या घरात कुणी दुष्ट नव्हतं, हीच तर पंचाईत होती. दुष्ट माणसाला निदान नाही म्हणता येतं.

"माझं नाव जाईल ग," दादा म्हणाला. तो अचानक सहासष्ट वर्षांचा दिसू लागला. "अध्यक्ष मी. मीच ते कार्ड कापलं होतं, समितीत बसून. लोक काय म्हणतील?"

तिला त्याची कीव आली. लहानपणी अंधाराला भिऊन तो तिचा हात धरून मोरीत जायचा, वयाने सात वर्षं मोठा असून. ती कीव येऊन गेली आणि तिच्या मागे काही उरलं नाही.

"त्याचं नाव गेलं तेव्हा तू काय केलंस?"

"मी त्याला दोनदा काम द्यायला निघालो होतो."

"निघाला होतास."

"हो."

"आणि वाटेत काय झालं?"

दादाने पेन खिशात ठेवलं. ती उठली. तो टाइप केलेला कागद तिने खुर्चीवर पालथा ठेवला. दाराशी एडिटर उभी होती.

"आत्या, तुझी पेटी माझ्या घरी आण."

"पेटी कुठली, दोन बॅगा आहेत," ती म्हणाली. "आणि एक कुकर. तो वहिनींचा आहे, तो राहू दे."

कानसेनचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान तिथून वीस मिनिटांवर. ऊन अजून उतरलं नव्हतं. ती चालत निघाली, आणि चालता चालता तिच्या पायांत एक डौल आला. काहीतरी मोठं करायला निघालेल्या माणसाचा तो डौल असतो. तो बघायला रस्त्यावर कुणी नसलं तरी असतो. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. तो काय म्हणेल तेही तिने ठरवलं होतं. आधी विश्वास बसणार नाही, मग डोळ्यांत पाणी येईल, मग तो म्हणेल, मला ठाऊक होतं तू एक दिवस येशील. बावीस वर्षं गप्प बसलेली बाई वीस मिनिटांत स्वतःला नायिका करून मोकळी झाली. सवयच होती तिला नायिकांची.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. भिंतीला उघडे स्पीकर, टेबलावर तारांना डाग द्यायची तापलेली सळई, डब्यांच्या झाकणांत मापाप्रमाणे लावलेले स्क्रू. म्हातारा एका स्पीकरच्या फाटक्या कागदी पडद्याला गोंद लावत होता. त्याने वर पाहिलं आणि पायाने स्टूल पुढे सरकवलं, जणू ती रोजच येत होती.

"आवाज बसलाय तुझा," तो म्हणाला. "जिना उतरून आलीस, की भांडून?"

"दोन्ही." ती बसली. "उद्याच्या बैठकीत मी सांगणार आहे. टेप दादानं पुसली ते."

"बरं," त्याने गोंदाची बाटली बंद केली. "ते मला ठाऊक आहे. माझ्या मशीनची बटणं मी कशी ठेवून जातो ते मला माहीत नसेल? पण दाखवायला काही नव्हतं. तुला कुणी सांगितलं? भावानं? उपरती झाली म्हणायची."

"मला कुणी सांगितलं नाही. मी पाहिलं होतं."

"कधी?"

"तेव्हाच. काचेतून."

त्याने हात पुसले. एकेक बोट वेगळं करून, फडक्याने, सावकाश. सळईच्या टोकावर चिकटलेला गोंद करपल्याचा वास सुटला होता, आणि ज्याच्या नाकाकानातून काही सुटत नसे त्या माणसाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"समितीत तू म्हणालीस, पाहिलं नाही."

"हो."

"मी बायकोला सांगितलं होतं, ती पोरगी खोटं बोलत नाही. बाकी सगळं घर खोटं आहे, पण ती म्हणतेय पाहिलं नाही म्हणजे नसेल पाहिलं. बायको म्हणायची, तुम्ही भोळे आहात. मरेपर्यंत म्हणायची. मी भांडायचो तिच्याशी त्यावरून. दोन दोन दिवस बोलत नसे मी."

घर, अण्णा, दादा, तेव्हाचं वय, एकटेपण, सगळी कारणं जिभेच्या टोकावर आली आणि एकही म्हणण्याजोगं निघालं नाही. शेवटी ती एवढंच म्हणाली, "माझं चुकलं."

"उद्या किती वाजता आहे?"

"दहाला."

"ये. जे पाहिलंस ते सांग. मला माझं कार्ड पाहिजे." त्याने तो कागदी पडदा पुन्हा समोर ओढला आणि उजेडाकडे धरून फाटलेली जागा शोधू लागला. "पण तिथे माझ्याशेजारी येऊन बसू नकोस."